पार्कातला डिस्क गोल्फ: डिस्क हातातून सुटण्याआधी काय काय करायचं

उन्हाळ्यातल्या शनिवारी सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या पार्कांत एक चित्र हमखास दिसतं. दोन-तीन मराठी कुटुंबं जमलेली असतात. कुणीतरी नव्या कोऱ्या डिस्क आणलेल्या असतात. पंधरा मिनिटांत निम्मी मंडळी झुडपांत डिस्क शोधायला लागतात, मुलं भलत्याच होलच्या बास्केटवर नेम धरतात आणि मागे चौघांचा गट टीवर ताटकळत उभा राहतो. खेळ अवघड आहे म्हणून असं होत नाही, क्रम चुकतो म्हणून होतं. जवळजवळ सगळ्या चुका डिस्क हातातून सुटण्याच्या आधीच झालेल्या असतात, म्हणून हा लेख फेकण्यापेक्षा फेकण्याआधीच्या गोष्टींवर जास्त रेंगाळणार आहे.

खेळ थोडक्यात असा: ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून, पहिली डिस्क टाकायची. ती जिथे पडेल तिथून पुढची. साखळ्या लोंबणाऱ्या लोखंडी बास्केटमध्ये ती पडेपर्यंत किती वेळा टाकली ते मोजायचं. मग पुढच्या होलच्या टीवर जायचं. एक टी आणि तिचं बास्केट मिळून एक होल. अशी ९ किंवा १८ होल, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो जिंकला.

## १. घरी: पिशवी भरताना

डिस्क तीनच घ्या. एक पटर (बास्केटजवळून टाकायची), एक मिडरेंज (मधल्या अंतराची) आणि एक फेअरवे ड्रायव्हर (लांब टाकायची). नावंच हवी असतील तर इनोव्हाची एव्हिएअर, डिस्क्राफ्टची बझ आणि इनोव्हाची लेपर्ड ही तिकडी नवख्या हाताला सोसते. साध्या प्लास्टिकची डिस्क साधारण १० डॉलरला मिळते, चांगल्या प्लास्टिकची २० च्या आसपास. पटर साध्या प्लास्टिकचाच घ्या, हातात पकड चांगली बसते.

समुद्रावर झेलाझेली करायला घेतलेली मोठी फ्रिस्बी इथे चालत नाही. ती तरंगत राहते, वाऱ्यावर भरकटते आणि लांब जात नाही. गोल्फची डिस्क लहान, आकाराच्या मानाने जड आणि धारदार कडेची असते. ती झेलायची नसते, हे मुलांना घरीच सांगून ठेवा.

दुकानात सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सर्वांत 'वेगवान' डिस्क उचलणं. बहुतेक डिस्कवर चार आकडे असतात. पहिला वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा आणि चौथा वळण्याचा. वेगाचा आकडा १२ असला म्हणजे डिस्क तुमच्यासाठी वेगाने जाईल असा त्याचा अर्थ नाही. ती नीट उडायची तर तिला तेवढ्या वेगाने सोडावी लागते, असा आहे. नवख्या हाताचा वेग तेवढा नसतो, म्हणून ती डिस्क सुटल्या सुटल्या डावीकडे वळते आणि जमिनीत रुतते. पहिलं वर्षभर वेगाचा आकडा ७ च्या वर जाऊ देऊ नका. वजन १५० ते १७० ग्रॅम पुरे, मुलांसाठी त्याहूनही हलकं.

वळण्याचे दोन आकडे असे वाचा. उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा ओढून) टाकणाऱ्याची डिस्क वेगात असताना उजवीकडे झुकते, ते तिसऱ्या आकड्यावरून कळतं (उणे जितकं जास्त, तितकी जास्त झुकते). वेग ओसरला की ती डावीकडे वळते, ते चौथ्यावरून. डाव्या हाताने बॅकहँड किंवा उजव्या हाताने फोरहँड टाकणाऱ्यांनी हे उलटं समजावं.

रंग गुलाबी, नारिंगी किंवा भडक निळा घ्या. हिरवी आणि तपकिरी डिस्क दुकानात कितीही सुरेख दिसली तरी पानांत पडली की सापडत नाही.

आता डिस्क उलटी करा. आतल्या बाजूला, कडेलगत, न पुसल्या जाणाऱ्या मार्करने नाव आणि फोन नंबर लिहा. आधी तो भाग कोरड्या फडक्याने पुसून घ्या, कारण नव्या डिस्कवर तेलकट थर असतो आणि त्यावर शाई धरत नाही. लिहून झाल्यावर दोन मिनिटं हात लावू नका. दोन-तीन महिन्यांनी शाई फिकी पडते, तेव्हा पुन्हा गिरवा. माझ्या हरवलेल्या निम्म्याहून जास्त डिस्क या एका सवयीमुळे परत आल्या आहेत.

बाकी सामान कमी असतं: डिस्क पडली ती जागा दाखवायला ठेवायची छोटी डिस्क (तिला मिनी म्हणतात), पाण्याची बाटली, घट्ट तळव्याचे बूट आणि एक जुना पंचा. पंचा खरंच न्या. टर्किशच्या टॉवेलपेक्षा सुती पंचा दव लवकर टिपतो, आणि ओली डिस्क हातातून कुठे निसटेल याचा नेम नसतो.

पूर्ण पँट आणि मोजे घाला. कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीच्या रानात पॉयझन ओक असतो. एका देठाला तीन पानं, कधी हिरवी तकतकीत, कधी लाल. आपल्याकडचा बिब्बा याच कुळातला, आणि बिब्बा उतल्यावर जसं अंग फुलतं तसंच इथेही होतं. लहानपणी आंब्याचा चीक लागून ज्यांच्या ओठांवर फोड यायचे त्यांनी विशेष जपावं, कारण आंबाही त्याच कुळातला. या झाडाचं तेल डिस्कला, पंचाला, बुटाच्या नाडीला चिकटून घरी येतं.

तपासा: तीन डिस्क, तिन्हींवर नंबर, मिनी, पंचा, पाणी, पूर्ण पँट. लिहायचा मार्कर पिशवीतच राहू द्या.

## २. पार्कात: पहिली टी सापडेपर्यंत डिस्क बाहेर काढू नका

उदाहरणासाठी सॅन फ्रान्सिस्कोचं गोल्डन गेट पार्क घेते. १८ होल, मोफत, निलगिरी, सायप्रस आणि पाइनच्या दाटीतलं, मार्क्स मेडोजवळ. फुल्टन स्ट्रीटवरची ५ नंबरची बस पार्कच्या उत्तर कडेने जाते, म्हणून गाडीशिवायही येता येतं. पण हे मोफत प्रकरण सगळीकडे नाही. सॅन होजेच्या हेलियरसारख्या काउंटी पार्कात गाडी आत नेण्याची फी असते, आणि सॅन दिएगोच्या मॉर्ली फील्डला खेळण्याचेच पैसे पडतात. निघण्याआधी पार्कच्या वेळा, फी आणि त्या दिवशी स्पर्धा नाही ना, एवढं पाहून घ्या. यूडिस्क हे ॲप त्यासाठी पुरेसं आहे. त्यात नकाशाही असतो आणि तुम्ही कुठल्या होलवर आहात ते दिसतं. रानात सिग्नल जातो, म्हणून नकाशा आधीच उघडून ठेवा.

सांता क्रूझच्या डेलाव्हीगाचं नाव ऐकून पहिल्याच खेपेला तिकडे धावू नका. चढ-उतार मोठे आहेत, डिस्क उतारावरून गडगडत जाते, आणि वडीलधारी माणसं बरोबर असतील तर त्यांचे गुडघे तिसऱ्या होललाच बोलू लागतात. पहिली खेप सपाटीवर.

पार्कात आल्यावर आधी माहितीफलक शोधा, मग पहिली टी. टीजवळच्या पाटीवर चार गोष्टी असतात: होलचा नंबर, अंतर, पार (त्या होलला अपेक्षित असलेल्या फेकी), आणि मार्गाचं चित्र. अंतर फुटांत असतं. ३०० फूट म्हणजे साधारण ९१ मीटर. नवखा माणूस नीट टाकलेल्या डिस्कमध्ये १५० ते २०० फूट काढतो. मग पाटीवर २८० फूट आणि पार ३ लिहिलं असेल तर पहिल्याच फेकीत बास्केट गाठायचा अट्टहास कशाला? दोन फेकींत जवळ जायचं, तिसरी किंवा चौथी आत. हा हिशोब टीवरच मनाशी करा.

चित्रात तीन गोष्टी बोट ठेवून पाहा. बास्केट नेमकं कुठे आहे, बाद हद्द कुठून सुरू होते, आणि 'मँडो' आहे का. मँडो म्हणजे अमुक झाडाच्या अमुक बाजूनेच डिस्क गेली पाहिजे अशी सक्ती. झाडावर बाण असतो. तो बहुतेकदा शेजारची टी किंवा पायवाट वाचवण्यासाठी लावलेला असतो, म्हणून 'आपण कुठे स्पर्धा खेळतोय' म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नका.

सावध: समोर दिसतंय ते बास्केट तुमच्याच होलचं असेल असं नाही. दाट पार्कात शेजारच्या होलचं बास्केट जवळ दिसतं आणि आपलं झाडाआड असतं. दिसत नसेल तर एकाने चालत जाऊन पाहून यावं. दोन मिनिटं जातात, पण वीस मिनिटांचा गोंधळ टळतो.

## ३. गट आणि रांग

चारजणांचा गट उत्तम, पाच म्हणजे शेवटची मर्यादा. मंडळाच्या पिकनिकला नऊ-दहाजण एकत्र निघतात आणि सगळा मार्ग तुंबतो. दहाजण असाल तर दोन गट करा आणि दुसऱ्याने एक होल मागून निघावं.

सगळेच नवखे असतील तर जोड्या पाडा. जोडीतले दोघंही टाकतात, दोघांतली बरी डिस्क निवडतात, आणि पुढची फेक दोघंही तिथूनच करतात. आजी आणि नात अशी जोडी मी सहज १८ होल पूर्ण करताना पाहिली आहे. नव्या माणसाला सामावून घ्यायला याच्याइतकी चांगली रीत नाही.

टाकण्याचा क्रम ठरलेला असतो. पहिल्या टीवर कुणीही आधी. पुढच्या प्रत्येक टीवर, मागच्या होलला ज्याला कमी लागले तो आधी. टीनंतर मात्र बास्केटपासून जो सर्वांत लांब असेल तो आधी. या शेवटच्या नियमात सुरक्षितता आहे. लांबचा आधी टाकतो, म्हणून कुणी त्याच्या पुढे नसतं. आपली डिस्क पुढे पडली म्हणून बोलत बोलत पुढे निघून जाणं ही आपल्या लोकांची फार मोठी खोड आहे. मागच्याचं टाकून होईपर्यंत त्याच्या मागेच थांबा.

## ४. नजर: सगळ्यात महत्त्वाची पायरी

पार्क आपलं एकट्याचं नाही. त्याच वाटेवर धावणारे आहेत, कुत्री फिरवणारे आहेत, गवतावर चटई टाकून झोपलेलं बाळ आहे. यातल्या बहुतेकांना इथे डिस्क गोल्फ चालतो हे ठाऊकही नसतं. त्यामुळे बाजूला व्हायची जबाबदारी त्यांची नाही, थांबायची जबाबदारी आपली.

काही वर्षांपूर्वी एका पार्कात आमच्या गटातल्या एकाने झुडपावरून डिस्क टाकली. समोर फेअरवे, म्हणजे टी आणि बास्केट यांच्यामधला खेळाचा पट्टा, रिकामा दिसत होता. झुडपापलीकडे पायवाट वळत होती आणि तिथून एक आजी बाबागाडी ढकलत येत होत्या. डिस्क गाडीच्या चाकावर आदळली, वीतभर वर असती तर बाळाच्या तोंडावर बसली असती. १७० ग्रॅमची टणक कडा होती ती. त्या आजी काहीच बोलल्या नाहीत, फक्त वाकून बाळाकडे बघत राहिल्या. चाकावर आदळल्याचा तो आवाज मला अजून आठवतो. तेव्हापासून जिथे डिस्क पडणार ती जागा दिसत नसेल, तिथे एकाला पुढे उभं केल्याशिवाय आमच्यात कुणी टाकत नाही.

प्रत्येक फेकीआधी हे एवढं करा:

समोरचा गट तुमच्या सर्वांत लांब फेकीच्याही पलीकडे गेला आहे का, पाहा. नेहमीच्या फेकीच्या नव्हे, चुकून बसलेल्या सर्वांत लांब फेकीच्या.

मग उजवीकडे पाहा. उजव्या हाताने बॅकहँड टाकताना डिस्क हातात जरा जास्त वेळ अडकली की ती थेट उजवीकडे सुटते, आणि पूर्ण जोरात सुटते. म्हणून टाकणाऱ्याच्या उजवीकडे किंवा जरासंही पुढे कुणी उभं राहू नये. मोबाइलवर व्हिडिओ काढणारे नेमके तिथेच उभे असतात. सगळ्यांनी टाकणाऱ्याच्या पाठीमागे, चार-पाच पावलं दूर. मुलांचा हात धरून.

पलीकडे उभा केलेला माणूस झाडाआड उभा राहील, वाट मोकळी झाली की हात वर करेल, आणि हात दिसल्यावरच टाकायचं.

सावध: डिस्क माणसांच्या दिशेने निघाली की लगेच, मोठ्याने 'फोर!' ओरडा. इथे सगळ्यांना तेच कळतं. 'अहो, बघा, बघा' म्हणेपर्यंत डिस्क पोहोचलेली असते.

## ५. पहिली फेक

आधी पायांचं. टीवरून टाकताना पाय टीच्या आत हवा. डिस्क सुटते त्या क्षणी पुढचा पाय कडेच्या बाहेर असेल तर ते चूक. क्रिकेटमधला नो बॉल आठवा. सुटल्यानंतर झोकात पुढे गेलात तरी चालतं.

सुरुवातीला धावत येऊन टाकू नका. उभ्यानेच टाका. उजवा खांदा लक्ष्याकडे, पाय खांद्यांहून थोडे रुंद. अंगठा डिस्कच्या वरच्या बाजूवर, कडेपासून थोडा आत. चारही बोटं खाली, कडेच्या आतल्या भिंतीला दाबून. पकड मुठीसारखी घट्ट, पण मनगट आणि कोपर सैल.

हात मागे न्या, इतका की मान वळून हनुवटी मागच्या खांद्यावर येईल. नजर क्षणभर लक्ष्यावरून सुटली तरी चालेल. मग वजन पुढच्या पायावर आणा, आणि त्यानंतर हात ओढा. आधी पाय, मग कंबर, मग खांदा, शेवटी मनगट. डिस्क छातीच्या अगदी जवळून सरळ रेषेत जाऊ द्या. अंगाभोवती गोल फिरवलीत तर ती कुठे सुटेल हे सांगता येत नाही.

लहानपणी भोवरा फिरवलेल्यांना एक गोष्ट पटकन कळेल. भोवरा उभा राहतो तो दोरीच्या शेवटच्या झटक्यामुळे, हात किती जोरात आपटला त्यामुळे नाही. डिस्कचंही तसंच. फिरकी कमी पडली की ती हवेत डगमगते, मग तुम्ही कितीही बळ लावा. सत्तर टक्के जोर, पण शेवटचा झटका पुरता. क्रिकेट खेळलेली आपली मुलं इथेच अडखळतात, कारण सीमारेषेवरून चेंडू फेकल्यासारखा सगळा खांदा लावतात.

डिस्क समतल ठेवा. तिच्यावर ताकाने काठोकाठ भरलेली वाटी ठेवली आहे असं समजून ओढा.

पहिल्या दिवशी हमखास दिसणारा दोष असा: डिस्क वर चढते, हवेत क्षणभर अडखळते, आणि डावीकडे घसरत पडते. लोक म्हणतात जोर कमी पडला, आणि पुढच्या वेळी आणखी जोर लावून आणखी उंच चढवतात. खरं कारण, डिस्कची पुढची कड वर उचललेली असते. मनगट किंचित खाली ठेवा आणि कमरेच्या उंचीवर, अगदी खाली टाकतोय असं वाटेल इतकं सपाट सोडा. पहिल्या तीन-चार फेकी जमिनीत जातील. त्यानंतर एकदम एक अशी जाईल की तुम्हालाच आश्चर्य वाटेल.

टाकून झाल्यावर डिस्क थांबेपर्यंत नजर काढू नका. गटातल्या सगळ्यांनी प्रत्येकाची डिस्क पाहायची, आणि ती कुठल्या झाडाच्या कुठल्या बाजूला गेली हे मोठ्याने सांगायचं. 'त्या वाकड्या खोडाच्या डावीकडे' एवढं पुरतं.

वाऱ्याबद्दल दोनच गोष्टी. समोरून वारा असेल तर डिस्क वर उचलली जाते आणि उजवीकडे जास्त झुकते, म्हणून खाली टाका. पाठीमागून असेल तर ती लवकर खाली बसते, म्हणून थोडी वर टाका. सॅन फ्रान्सिस्कोला उन्हाळ्यातल्या दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि धुकंही येतं. सकाळीच खेळा आणि जाकीट सोबत ठेवा.

## ६. डिस्क पडली तिथून

बहुतेक लोक डिस्क उचलतात आणि साधारण तिथून पुढची टाकतात. नियम तसा नाही. पडलेल्या डिस्कला हात न लावता, बास्केटच्या बाजूला तिला टेकवून मिनी ठेवा. मग डिस्क उचला. आता टाकताना तुमचा एक पाय मिनीच्या लगेच मागे, २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब एवढ्या जागेत टेकलेला हवा. दुसरा पाय कुठेही, पण मिनीच्या पुढे नाही. मिनी नसेल तर पडलेली डिस्क तशीच ठेवून तिच्या मागे उभे राहा आणि दुसरी डिस्क टाका.

मागे झुडूप आलं तर वाकून, गुडघा टेकून, हात लांबवून टाका. सुटी पडलेली काटकी बाजूला करता येते, पण जिवंत फांदी तोडायची नाही, वाकवून धरायची नाही. पार्कातल्या झाडांच्या खालच्या फांद्या खेळणाऱ्यांमुळेच आधी जातात.

एका फेकीसाठी ३० सेकंद. तुमची पाळी येईपर्यंत कुठली डिस्क घ्यायची ते ठरवून ठेवा.

सावध: या पार्कांत जमिनीत गोफर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याची बिळं असतात. टाकायच्या आधी पायाखालची जागा चाचपा, घोटा मुरगळतो.

## ७. बाद, हरवलेली, झाडावरची

बाद हद्दीत डिस्क पूर्ण गेली असेल तरच ती बाद. रेषेच्या आत थोडीशी जरी टेकली असेल तरी वाचली. बाद झाली तर एक दंड, आणि पुढची फेक मागच्याच जागेवरून किंवा ती जिथून बाहेर गेली तिथे रेषेपासून एक मीटरपर्यंत आत येऊन. हिशोब असा: टीवरची फेक १, दंड १, तिथून टाकलेली तिसरी, ती बास्केटजवळ पडली आणि पुढची आत गेली, तर एकूण ४. दंड विसरणं आणि दंड दोनदा मोजणं, दोन्ही रोज होतं.

हरवली तर तीन मिनिटं शोधायची. घड्याळ लावा. सगळ्यांनी मिळून शोधा, आणि वाटतं त्यापेक्षा जवळ शोधा. नवखा माणूस नेहमी खूप पुढे शोधतो. डिस्क झाडाला लागून मागे किंवा आडवी उडालेली असते. तीन मिनिटांत सापडली नाही तर एक दंड आणि मागच्या जागेवरून पुन्हा. मागे गट असेल तर त्यांना आधी पुढे जाऊ द्या आणि मग निवांत शोधा.

झाडावर अडकली तर तिच्या बरोबर खालची जमीन ही तुमची जागा, तिथे मिनी ठेवून पुढे खेळा. डिस्क काढायला बूट किंवा दुसरी डिस्क फेकू नका, तीही वर अडकते. आणि झाडावर कुणीही चढायचं नाही. निलगिरीच्या फांद्या दिसतात तशा मजबूत नसतात.

तळ्यात किंवा ओढ्यात गेलेली डिस्क गेली समजा. १५ डॉलरसाठी गाळात उतरू नका.

## ८. बास्केटजवळ

बास्केटपासून १० मीटरच्या आत आलात की एक जास्तीचा नियम लागतो. टाकल्यावर तोल सावरून मिनीच्या मागेच थांबायचं, झोकात पुढे पडायचं नाही. १० मीटर म्हणजे साधारण बारा-तेरा मोठी पावलं. एकदा मोजून पाहा, डोळ्यांना सवय होते.

इथे फक्त पटर वापरा. नेम साखळ्यांच्या मधोमध, जरासा वर. हात लक्ष्याकडे सरळ उघडा, जणू कुणाशी हस्तांदोलन करताय, आणि बोटं शेवटी ताठ उघडू द्या. डिस्क कमी पडण्यापेक्षा साखळ्यांना जोरात लागलेली बरी. पण उतारावर किंवा समोरून वारा असताना चुकली तर ती गडगडत वीस फूट लांब जाते, तेव्हा जवळ ठेवण्यातच शहाणपण.

डिस्क साखळ्यांत किंवा बास्केटच्या तळात थांबली की होल संपलं. वरच्या पट्ट्यावर जाऊन बसली तर ते धरत नाहीत. खाली काढून, बास्केटच्या पायाशी तिची जागा धरून पुन्हा टाका, आणि ती फेक मोजा.

आपली डिस्क लगेच काढून घ्या आणि बाजूला व्हा. गुणांची बेरीज, फोटो, खाऊ, हे सगळं पुढच्या टीवर. बास्केटभोवती घोळका करून आकडेमोड करणाऱ्यांना मागच्या गटाच्या डिस्क चुकवाव्या लागतात.

तपासा: बास्केट सोडताना जमिनीवर मिनी राहिली नाही ना? ती सगळ्यात जास्त तिथेच विसरते.

## ९. पुढच्या होलकडे

पुढची टी बहुतेक वेळा बास्केटवरच्या बाणावरून कळते, नाही तर नकाशा आहेच. शेजारचा फेअरवे ओलांडायचा असेल तर आधी त्या टीकडे पाहा.

मागचा गट दोनदा थांबलेला दिसला की त्यांना हात करून पुढे जायला सांगा आणि बाजूला उभे राहा. यात कमीपणा काही नाही. १८ होलना चौघांना दोन ते अडीच तास लागतात. मुलं दमली तर नवव्या होलला थांबा आणि डबे उघडा, फक्त चटई कुठल्याही फेअरवेपासून आणि टीपासून लांब घाला. लाडू-चकल्यांचे कागद, प्लास्टिकच्या पिशव्या पार्कात राहता कामा नयेत. या मार्गांची झाडलोट, टीची डागडुजी बहुतेक ठिकाणी स्थानिक क्लबचे स्वयंसेवक रविवारी सकाळी येऊन करतात. कधी तरी त्यांच्याबरोबर खुरपं घेऊन दोन तास घालवा. मार्ग कसा आखतात हे तिथेच कळतं.

## १०. घरी परतल्यावर

कपडे थेट मशीनमध्ये टाका, सोफ्यावर बसण्याच्या आधी. हात आणि पोटऱ्या थंड पाण्याने आणि साबणाने चोळून धुवा. डिस्कही साबणाने धुवा, कारण पॉयझन ओकचं तेल कडेच्या खाचेत आठवडेच्या आठवडे टिकतं. उंच गवतात फिरला असाल तर मुलांच्या कानामागे आणि मोज्यांच्या वर गोचीड चिकटलेली नाही ना, ते पाहा.

आणि दुसऱ्याची डिस्क सापडली असेल तर ती उलटी करून नंबर पाहा, आणि त्याच संध्याकाळी मेसेज करा. 'तुमची नारिंगी डिस्क सातव्या होलच्या डाव्या झुडपात मिळाली, पुढच्या शनिवारी दहा वाजता पहिल्या टीवर आणते.' तो माणूस आलाच, तर त्याला तुमच्या गटात खेळायला बोलवा.